आडनावं बनवणारं ऑफिस

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. कपाटावर रिकामे खोके साचतात तसे ते साचतात, आणि एक काढायला गेलं की पाच अंगावर येतात! आमच्या नांदेडच्या ऑफिसात तर माणसं चारच. मालक सुधीर सर, प्रोग्राम लिहिणारी उमरीची शिल्पा, शाळेतल्या लिपिकपदावरून रिटायर झालेले दिगंबरकाका आणि मी. आम्ही शाळांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. डेमोला खऱ्या पोरांची नावं दाखवता येत नाहीत, म्हणून शिल्पानं खोटी नावं तयार करणारा प्रोग्राम लिहिला. गावाचं नाव उचलायचं, मागं ‘कर’ लावायचं, पुढं एखादं नाव डकवायचं. झाला माणूस!

यादीत खरा माणूस निघाला तर त्याला खोडायचं, हे काकांचं काम.

*

पहिल्याच दिवशी प्रोग्रामनं पहिलं नाव दिलं, माधव कंधारकर. आम्ही टाळ्या वाजवल्या. तासाभरानं पाण्याचा फिल्टर दुरुस्त करायला एक जण आला. काम झालं, कागदावर सही केली. माधव कंधारकर!

शिल्पा पांढरीफटक. मग हळूच म्हणाली, “सर, प्रोग्राम लई जोरात चालून राहिला!”

*

काका पूर्वी कंधारकडच्या एका शाळेत होते. यादी वाचताना एकेका नावावर बोट ठेवून थांबायचे, पण खोडायचे काहीच नाहीत. एकदा मी वैतागून विचारलं, “काका, तुम्ही नक्की शोधताय काय?”

त्यांनी चष्मा काढला. “म्या बी हेच काम केलंय. तुमच्या मशीनच्या लई आधी.”

जूनमध्ये पोरं दाखल व्हायची. दाखल-खारीज रजिस्टरात आडनावाचा रकाना. बरेच बाप म्हणायचे, “ते काय न्हाई बा आमच्यात.” मग काका गाव विचारायचे आणि ‘कर’ लावून मोकळे व्हायचे. एके वर्षी सडकेच्या कामावरचा एक गडी पोरीला घेऊन आला. रुक्मिणी तिचं नाव. गाव विचारलं तर म्हणाला, “काम सरलं की गाव सरतं, साहेब.”

रकाना मोकळा ठेवता येईना. काकांनी खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या पत्र्यावर पाखरं बसली होती. काकांनी लिहिलं, पाखरगावकर.

बापानं ते काकांकडून वाचून घेतलं आणि विचारलं, “कसं हाय हे गाव?”

“चांगलं हाय,” काका म्हणाले.

पुढच्या वर्षी सडक पुढं गेली, पोरगीही गेली. तेव्हापासून काकांच्या मनाला टोचणी. “जातीच्या दाखल्याला गाव विचारत्यात, लग्नात विचारत्यात. काय सांगत असंल ती? म्या पोरीला नसलेलं गाव दिलं.” यादीसारख्याच बसच्या पाट्याही ते वाचायचे, कुठं पाखरगाव सापडतंय का बघायला. खरंच निघालं असतं तर सुटले असते बिचारे.

*

शिल्पाचे वडील उमरीकर आणि सख्खे काका शिंदे. कारण काय, तर थोरल्याला शाळेत आजोबांनी घातलं आणि धाकट्याला मामानं. गुरुजींनी आडनाव विचारलं, मामानं ऐटीत स्वतःचं सांगितलं!

शिल्पाला बघायला पाहुणे आले. बायोडाटा वाचून एकानं विचारलं, “हे शिंदे सख्खे का चुलत?”

शिल्पाची आई आतून ओरडली, “सख्खेच हायती, दाखल्यावर तेवढे परके!”

*

माझं आडनाव मुरुडकर. लातूरजवळचं हे मुरुड मी जन्मात पाहिलेलं नव्हतं. काकांचं म्हणणं, “कंधारात कंधारकर सापडत न्हाई. गाव सुटलं की मंग आडनावाला चिकटतं.” ते ऐकल्यावर एकदा बार्शीच्या बसनं जाताना मी मुरुडला उगाच उतरलो. दुपार होती. प्रत्येक घर आपलंच असावं असं वाटत होतं. लाज वाटावी इतकं भरून आलं.

चहावाल्यानं निरखून विचारलं, “कुठले?”

“इथलाच की. मुरुडकर.”

“कधी दिसले न्हाईत?”

“पिढ्या झाल्या, जरा बाहेर गेलो होतो,” मी म्हणालो. त्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत.

*

दुपारी जेवणानंतर प्रोग्राम चालू असला की स्क्रीनवरून नावं सरकत राहतात. सारजा, गोदावरी, व्यंकट. जगात नसलेली माणसं. बघता बघता त्यांचे चेहरे दिसायला लागतात. सुधीर सरांचंही तसंच झालं. डेमोत एक गजानन गणितात नापास होता. सरांनी त्याचे मार्क वाढवून पस्तीस केले.

शिल्पा म्हणाली, “सर, तो खोटा हाय!”

“असू दे. बाप घरी घेईल का त्याला?”

*

आणि मग लातूर. एका शाळेत डेमो होता. सर, मी आणि काका मुख्याध्यापिकांच्या खोलीत शिरलो. टेबलावर पाटी. रुक्मिणी पाखरगावकर.

काका दारातच थांबले. मला त्यांचा हात धरावा लागला. डेमो राहिला बाजूला. काकांनी शाळा सांगितली, वर्ष सांगितलं, सडकेचं काम सांगितलं. बाई उठून उभ्या राहिल्या. पाया पडल्या.

“नका पडू, बाई,” काका मागं सरले. “माझ्याकडून चूक झाली. तसं गाव न्हाई. म्या मनानं लिहिलं. तुम्हाला लई त्रास झाला असंल.”

बाई हसल्या. “गाव नाही कसं, काका? लोक विचारायचे, कुठं आलं हे गाव? म्हणून तर सासरचं आडनाव लावलं नाही. म्हटलं, आपल्या गावाचं नाव आपणच टिकवायचं. माझ्या लग्नाची पहिली पत्रिका बाबा एकटे पाखरगावला घेऊन गेले होते. चार दिवसांनी परतले. गावानं माझ्यासाठी लुगडं धाडलं होतं. हिरवं. अजून कपाटात आहे.”

सर लॅपटॉपकडे बघत राहिले.

काकांनी डोळे पुसले, खुर्ची पुढं ओढली आणि विचारलं, “तिकडं बस कंधारहून जाती का उमरीहून?”