बाटलीतलं जेवण

मलकापूरच्या रस्त्याला एका ओळखीच्यांच्या शेतात काल रोडग्यांचा बेत होता. गाडीतून उतरले आणि माणसांच्या आधी तो वास भेटला. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे जाड गोळे भाजले जात असताना जो वास सुटतो, त्याचं वर्णन करणं मला अजून साधलेलं नाही. त्यात धूर असतो, खरपूसपणा असतो, चिमूटभर राख असते आणि शेजारच्या पातेल्यात रटरटणाऱ्या वांग्यांचा झणका असतो. आमच्या बुलढाण्याकडचा माणूस हा वास आला की बोलता बोलता थांबतो. मीही थांबले. मला बोलताना थांबवणं माझ्या नवऱ्याला उभ्या जन्मात जमलेलं नाही, रोडग्याला जमतं. तोंडाला पाणी सुटलं आणि त्या पाण्यामागोमाग जिभेच्या बुडाशी कडू चव आली, कडुनिंबाचं पान चावल्यासारखी. तीही दर वेळी येते. ती रोडग्यातली नाही. ती माझ्या मोठ्या जाऊबाईंची आहे.

आम्ही सगळे त्यांना बाई म्हणायचो. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूबाई नव्हत्याच, स्वयंपाकघर बाईंच्या ताब्यात होतं. ताबा म्हणजे काय, तर सकाळी सगळ्यांच्या आधी उठायचं आणि दुपारी सगळ्यांच्या नंतर जेवायचं. आधी पुरुष, मग पोरं, मग आलेगेले, मग मी, आणि शेवटी कढईच्या काठाला उरलेलं खरवडून घेणाऱ्या बाई. हा नियम कोणी भिंतीवर लिहिलेला नव्हता. लिहिलेला असता तर मी खडूने त्याला मिशा काढल्या असत्या. तो बाईंच्या अंगातच मुरलेला होता, आणि अंगात मुरलेल्या नियमाला मिशा कुठून काढणार? दुपारचं जेवण ऊन उतरायला लागल्यावर, रात्रीचं सगळी निजानीज झाल्यावर. भाकरी, ठेचा, सालासकट वांगी, वरून कच्चा कांदा. मग भांडी आवरायची आणि पडायचं.

बाईंना साखरेचा आजार जुनाच होता. पण एका हिवाळ्यात दोन घासांतच त्यांचं पोट भरायला लागलं. तिसरा घास घेतला की घशाशी यायचं. सकाळी उलटी व्हायची आणि तिच्यात आदल्या रात्रीची वांग्याची भाजी बियांसकट जशीच्या तशी. अंगावरचं लुगडं जणू खुंटीवर टांगलंय असं दिसायला लागलं. अकोल्याच्या डॉक्टरांनी उपाशीपोटी बोलावून पोटात दुर्बीण घालून पाहिलं, तर उपाशी पोट उपाशी नव्हतंच, कालचं अन्न आत ठाण मांडून बसलेलं. डॉक्टर समजावून सांगणारे होते. म्हणाले, साखरेनं पोटाच्या नसा सुस्तावल्यात, अन्न पुढे ढकलायला पोट फार वेळ घेतं. गोळ्या देतो, पण खरं औषध ताटातच आहे. एका वेळी थोडंच खायचं, पण दिवसातून पाच-सहा वेळा. मऊ, घोटलेलं, जमलं तर पातळ. तूप-तेल कमी, साल नको, बी नको, कच्चं काही नको. जेवून आडवं पडायचं नाही, जरा फिरायचं. साखर सांभाळायची.

ऐकताना मला हसू आलं. जगाला जे खा म्हणून सांगतात, भाकरी, पालेभाजी, कोशिंबीर, ते सगळं या बाईला बंद, आणि उष्टावणाच्या बाळाला जे भरवतात ते सुरू. बाईंना मात्र यातल्या कशाचंच काही वाटलं नाही. त्या अडकल्या त्या "पाच-सहा वेळा"वर. परतीच्या एसटीत खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, "सकाळी नऊ वाजताच खायाचं म्हंते थो डॉक्टर. घरची माणसं उपाशी अन् मी पहिले गिळू? मले नाही जमत बाप्पा."

"मग काय मरता काय?" मी म्हटलं.

"मरनं जमते," बाई म्हणाल्या. तेही हसत.

घरी आल्यावर मी मऊ भात आणि बिनसालीच्या मुगाचं वरण घोटून वाटीत दिलं. त्यांनी ती वाटी ताटाखाली झाकून ठेवली आणि सगळ्यांचं झाल्यावर, थंडगार झालेलं, एकदमच खाल्लं. व्हायचं तेच झालं. असे बरेच दिवस गेले. बाईंचे यजमान, म्हणजे माझे मोठे दीर, हे सगळं बघत होते आणि काही बोलत नव्हते. काही न बोलण्यात ते पहिल्यापासून तरबेज.

तेव्हा माझ्यातली नाटकवाली जागी झाली. माझ्या यजमानांनी कधीकाळी ताकदीसाठी आणलेल्या औषधाची तपकिरी काचेची मोठी बाटली माळ्यावर पडली होती. वर दंड फुगवलेल्या पहिलवानाचं चित्र. बाटली उकळत्या पाण्यानं आतून धुतली, पहिलवान तसाच ठेवला, आणि भात-मुगाचं ते घोटलेलं पाणीदार जेवण गाळून तिच्यात भरलं. ओसरीवर मामाजी, म्हणजे आमचे सासरे, बसलेले असताना मी भर आवाजात म्हटलं, "बाई, दवाईचा टाइम झाला. डॉक्टरनं इतकी वाटीभर घ्यायला सांगितली, बसून घ्यायची." बाईंनी माझ्याकडे पाहिलं, पहिलवानाकडे पाहिलं, आणि मी बाटलीतून भरलेली वाटी तोंडाला लावली. घोट नरड्याखाली उतरला. दवाई होती ना ती. दवाईला कोण अडवतं?

मग दवाईचे प्रकार वाढले. दुधीची दवाई, उकडलेल्या बटाट्याची दवाई, ताकाची दवाई. बाई ती घेऊन अंगणात शतपावली घालायच्या, तेही दवाईच्या नावावर. मामाजी आयुष्यात सुनांशी थेट बोलले नव्हते, आमच्याशी काही बोलायचं तर भिंतीला सांगायचे. तेही भिंतीला विचारायला लागले, "मोठीची दवाई झाली काय?" ज्या घरात एका बाईनं आधी जेवलेलं चाललं नसतं, ते अख्खं घर तिला वेळेवर जेवायची आठवण करून द्यायला लागलं. मी मनातल्या मनात टाळ्या घ्यायची. उलट्या थांबल्या. लुगड्यात बाई परत दिसायला लागल्या. डॉक्टर खूश, पहिलवान खूश.

आणि मग घरात आनंद झाला. तिथेच सगळं बिनसलं.

मोठी बरी झाली म्हणून मामाजींनी शेतात रोडगे घातले. गाव जेवायला. पंगती उठल्या, दुपार कलली, आणि मामाजींनी भिंत शोधली नाही. शेतात भिंत नव्हतीच म्हणा. ते सरळ बाईंसमोर आले. हातात फोडलेला रोडगा, त्यावर तुपाची वाटी उपडी केलेली, बाजूला वांग्याची भाजी. म्हणाले, "घे पोरी. तुह्या दवाईनं गुण आला. आता बरी झाली तू, दवाई बंद."

पोरी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मी तोंड उघडलं होतं. ती दवाई नव्हती मामाजी, ते जेवण होतं, आणि जेवण बरं झाल्यावर बंद करत नाहीत, हे वाक्य जिभेवर तयार होतं. पण सगळ्या गावासमोर ते बोलले असते, तर ही बाई इतके दिवस पुरुषांच्या आधी जेवत होती हेही बोलल्यासारखंच झालं असतं. बाईंनी मला डोळ्यांनी दटावलं. डोळे भरलेले होते त्यांचे. त्यांनी ताट घेतलं आणि सगळं खाल्लं. मामाजी उभे राहून बघत होते, आणखी वाढा म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी बाटली रिकामी राहिली. बंद म्हणजे बंद, आणि बाईंनीही ते ऐकलं. मुलीसारखा मान मिळाल्यावर कुठली सून तो मोडेल? आठवड्याच्या आतच सलाईन लावावं लागलं. दवाखान्यात मी त्यांच्या उशाशी बसून रोडग्याला, तुपाला, मामाजींना आणि त्या पहिलवानालाही शिव्या घातल्या. बाईंनी डोळे न उघडताच म्हटलं, "पन रोडगा ग्वाड होता व."

त्या घरी आल्या त्या दिवशी मी बाटली धुवायला घेतली. बाईंनी ती माझ्या हातातून काढून घेतली. घोटलेला भात वाटीत घेतला आणि स्वयंपाकघराच्या मधोमध, दारातून दिसेल अशा जागी, पाट मांडून बसल्या. पुरुषांची ताटं अजून कोरडी होती. मामाजी दारात आले. वाटीकडे पाहत भिंतीला म्हणाले, "दवाई हाय काय थे?"

"नाही मामाजी," बाई म्हणाल्या. "जेवन हाय."

मामाजी उभे राहिले, वळले आणि गेले. त्या दुपारी ते जेवले नाहीत. पुढे त्यांचं ताट कायम ओसरीवर गेलं. बाई त्यानंतर बरीच वर्षं जगल्या, वेळच्या वेळी, थोडं थोडं, मऊ मऊ खात. पण मामाजींनी त्यांना पुन्हा कधी हाक मारली नाही, भिंतीला मध्ये घालूनसुद्धा नाही. बाईंना जेवण मिळालं. ती एक हाक गेली. या दोन्ही गोष्टी एकाच घरात एका वेळी का मिळू शकल्या नाहीत, याचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही. त्या दोघांपैकी आता कोणी नाही. बाटली आहे.

काल शेतात सगळं नव्या पद्धतीचं होतं. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कागदी ताटं, मोबाइलवर रोडग्यांचे फोटो. घरची धाकटी सून तुपाची किटली घेऊन खुर्च्यांमधून फिरत होती. ओठ सुकलेले. माझ्या ताटात तूप सोडायला वाकली तेव्हा मी विचारलं, "तू जेवलीस काय व?"

ती हसली. "तुमचं होऊ द्या काकू. आमचं काय, जेवू मांगून."

मी शेजारची रिकामी खुर्ची ओढली आणि माझं ताट त्या पोरीपुढे धरलं. म्हटलं, बस. ती गोंधळून मांडवाकडे पाहायला लागली, जिथे तिची माणसं बसली होती. किटली हातातच होती. तिकडे कोणीतरी तूप मागितलं, आणि ती गेली. ताटातला रोडगा निवत गेला, वास तेवढा येत राहिला.