समूचा प्रेशर

आधी नाव सांगते, मग काय झालं ते. नाव नरसूअक्का. आडनाव तेलुगू आहे, मला अजून नीट उच्चारता येत नाही. सोलापुरात आमच्या भिंतीला भिंत लावून राहते, दारात बसून विड्या वळते आणि गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकाला कुठे चाललात ते विचारते. माझी लेक समू आज दोन पायांवर उभी राहून माझ्याशी भांडते ते डॉक्टरीणबाईंमुळे आणि या अक्कामुळे. डॉक्टरीणबाईंच्या मी तिथल्या तिथे पाया पडले, त्या बिचाऱ्या लाजून मागे सरकल्या. अक्काचं राहिलंय. म्हणून हे लिहिते आहे, वाडीतल्या तुम्हा सगळ्यांना आणि वाडी सोडून मुंबईला गेलेल्यांनाही.

आम्ही निघालो ती सकाळ तुम्हाला आठवत असेल. एसटीच्या थांब्यावर निम्मी वाडी जमली होती. पोचवायला कमी आणि बघायलाच जास्त, कारण कणकवलीकडचा माणूस सोलापूरला जातो हे कुणी ऐकलेलं नव्हतं. आई तर शेवटपर्यंत विचारत होती, "सगळे मुंबैक जातत, तू सोलापूरात कित्याक जातंस गो?" ह्यांना तिथे टॉवेलच्या कारखान्यात टेम्पो चालवायचं काम मिळालं होतं, एवढंच उत्तर माझ्याकडे होतं. गाडी सुटायच्या आधी बाबांनी आपल्या विहिरीच्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "घाटार पाणी बाधता. आधी ह्या संपय."

कंडक्टरने झाकण उघडून वास घेतला, तेव्हा कुठे त्याचा विश्वास बसला की ते पाणीच आहे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सोलापूरला पोचल्यावर त्या पाण्याने आम्ही तिघांनी पाय धुतले आणि उरलेलं मोरीत ओतून दिलं. नळ समोर दिसत होता. मग मी तो फिरवला.

नळाला चौथ्या दिवशी पाणी आलं.

आपल्याकडे पाट स्वयंपाकघराच्या मागून वाहतो आणि त्याच्या आवाजाने झोप लागत नाही म्हणून आपण तक्रार करतो. इथे पाण्याचा दिवस असतो. त्या दिवशी कुणी लग्नाला जात नाही, कुणी आजारी पडत नाही. आदल्या दिवसापासून बायका एकमेकींना एकच गोष्ट विचारतात, प्रेशर आहे का. प्रेशर असला तर पिंप भरतं, नसला तर नळ नुसता खोकतो. बाबांचा तो कॅन आमचं पहिलं भांडं झाला. तो घेऊन मी दारात गोंधळून उभी होते, तेव्हा अक्काने आपली पाइप माझ्याकडे फिरवली. म्हणाली, "एवढुशा कॅननी काय हुतंय? नवी दिसतीस की." मी तिला 'होय गो' म्हटलं, त्यावर गल्ली आठवडाभर हसत होती. त्यांच्या प्रत्येक वाक्याला 'की' असतो, हाय की, येतो की, आणि आधी मला वाटायचं सगळे मला प्रश्नच विचारतात. आता फोनवर आईच म्हणते, "तू पण 'की' लावूक लागलंस की."

समू पाचवीत होती तेव्हाची गोष्ट. पाण्याच्या दिवशी ओल्या फरशीवरून घसरली आणि धप्पकन बुडावर बसली. आम्ही हसलो, तीही हसली. थोड्या दिवसांनी डोकं दुखायला लागलं. दुखणं विचित्र होतं. उभी राहिली की दुखायचं, आडवी झाली की थांबायचं. प्रार्थनेला दुखायचं, झोपेत नाही. केर काढायला दुखायचं, गादीवर नाही.

असं दुखणं कोण खरं मानेल, तुम्हीच सांगा. शाळेतल्या बाईंनी मला बोलावलं आणि गोडीत म्हणाल्या, "समीक्षाची मम्मी, हे नाटक आहे. असलं डोकं माझंपण दुखतं. पहिल्या तासाला उठतं आणि घरी जाऊन पडलं की थांबतं." ह्यांनी नवी पेठेत नेऊन तिला चष्मा करून आणला. डोकं तसंच राहिलं, फक्त नाटक करणारी पोर आता अभ्यासू दिसायला लागली. गल्लीतले डॉक्टर म्हणाले, पित्त. आई फोनवर म्हणाली, नजर. मी मात्र तिला भिंतीला धरून, डोळे मिटून, जिन्याची एकेक पायरी उतरताना बघत होते. सातवीत शाळा सुटलेल्या बाईने कुणाला पटवायचं आणि कसं.

अक्काला मात्र पटवावं लागलं नाही. ती दारातून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "पोरगी खोटं बोलत न्हाय. खोटं बोलणारी पोरगी पोट दुखतंय म्हणती. डोकं कोण सांगतंय? मोठ्या दवाखान्यात ने."

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. समूने तेच सांगितलं, उभं राहिलं की दुखतं, झोपलं की थांबतं. मी सवयीने त्यांच्या हसण्याची वाट बघत होते. त्या हसल्या नाहीत. खुर्ची पुढे ओढून त्यांनी समूला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. मग एमआरआय झाला. मग त्यांनी मला समजावलं, की आपला मेंदू आणि मणका एका पाण्यात असतात, समूचं ते पाणी मणक्यात कुठेतरी झिरपतंय, म्हणून प्रेशर कमी झालाय, आणि उभी राहिली की मेंदूला ओढ बसते. पडल्यामुळे झालं असेल का? असेल, पण खात्रीने सांगता येत नाही, म्हणाल्या.

मी बाहेर आले. हे कामावर, आई लांब. मी अक्काला फोन लावला. आजूबाजूला गलका, माझा आवाज रडका. मी म्हटलं, "अक्का, पाण्याचा प्रेशर कमी आहे म्हणतात. कुठेतरी गळतंय." आणि फोन कट झाला.

पुढे काय झालं ते तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. मी रिक्षात समूला मागच्या सीटवर आडवी करून, तिचं डोकं मांडीवर घेऊन गल्लीत शिरले, तर दोन्ही बाजूंना घागरी, बादल्या, पिंपं. पाण्याचा दिवस नव्हता तरी सगळी गल्ली रस्त्यावर. कमी प्रेशरने का होईना, पाणी सुटलं म्हणून अक्काने हाळी दिली होती. कुणी गळती शोधायला रस्ता खणायच्या गोष्टी करत होतं. मधोमध पाणी सोडणारा चावीवाला आपली लांब लोखंडी चावी घेऊन उभा होता आणि आईची शपथ घेऊन सांगत होता, "मी सोडलंच न्हाय. सोडलं असतं तर मला कळलं नसतं व्हय?"

रिक्षा दिसल्यावर सगळ्या माझ्याकडे वळल्या. "कुटंय पाणी?"

समूच मांडीवरून म्हणाली, "पाणी माझ्या पाठीत आहे."

घागरी खाली टेकल्या. मग मी जमेल तसं सांगितलं. कुणीतरी विचारलं, मोटार लावता येत नाही का, आणि तिला बाकीच्यांनी गप्प केलं. चावीवाला रिक्षापाशी आला, वाकला आणि समूला म्हणाला, "तितं माझी चावी चालत न्हाय, बाळ." एवढं बोलून तो चालायला लागला. त्याचे डोळे ओले झाले होते. माझेही.

उपाय असा होता की समूने सपाट पडून राहायचं, भरपूर पाणी प्यायचं, आणि थोडी कॉफी चालेल. आपल्या घरी कॉफी जायफळ घालून पाहुण्यांना होते. इथे दहा वर्षांची पोर रोज ती पडल्या पडल्या नळीने प्यायची, आणि ह्यांचंही डोकं अधूनमधून दुखायला लागलं. पण दिवसभर एकटं छताकडे बघत पडणं सोपं नाही. यायचा तो माणूस उभा राहून बोलायचा आणि समू त्याच्याकडे बघायला मान उचलायची. मान उचलली की दुखायचं. अक्काने हे बघितलं आणि नियम केला. "आजाऱ्याशी उभ्यानं बोलायचं न्हाय. आडवं व्हा, नायतर चालायला लागा."

पहिली आडवी झाली ती स्वतः. पोरीला तंबाखूचा वास नको म्हणून विड्यांचं सूप स्वतःच्या दारात ठेवायची, हात धुवायची आणि समूशेजारी चादरीवर पडायची. माझ्या मागे घरकाम, ह्यांच्या मागे टेम्पो. अक्का मात्र अख्खी दुपार तिथे पडून असायची, समूकडून पाढे म्हणवून घ्यायची आणि तिला तेलुगू शिकवायची. समूला आधी एकच शब्द आला, ऊरुको. म्हणजे गप्प बस. तो तिने माझ्यावर वापरला.

नियम सगळ्यांना लागू होता. शाळेतल्या बाई एकदा चौकशीला आल्या, साडी सावरून अवघडत आडव्या झाल्या, समूच्या केसांवरून हात फिरवून दोन शब्द बोलल्या आणि गाढ झोपल्या. उठल्यावर म्हणाल्या, "काय छान वाटलं." जाताना समूच्या दप्तरातून गृहपाठाची वही स्वतःच घेऊन गेल्या, तपासून आणते म्हणाल्या. पुन्हा नाटक हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकला नाही.

गल्लीतल्या बायका मला रोज विचारायच्या, "प्रेशर कसाय?" नळाचा की पोरीचा, हे मला बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ओळखावं लागायचं.

आईलाही मी फोनवर प्रेशरच सांगितलं होतं. तिने गुरवाकडून देवाला गाऱ्हाणं घालून घेतलं आणि मला फोनवर ऐकवलं. "बा देवा म्हाराजा, सोलापूरात आमच्या चेडवाच्या घरात पाण्याक दाब कमी पडलो हा, तो वाढय रे म्हाराजा." मागून तुम्ही सगळे ओरडलात, "व्हय म्हाराजा." मणका हा शब्द कुणी उच्चारलाच नाही. त्या आठवड्यात आमच्या नळाला असा प्रेशर आला की पाइप पिंपातून उडून बाहेर पडली आणि भिंतीवरचं कॅलेंडर धुऊन निघालं. तुमचं गाऱ्हाणं पोचलं होतं. पत्ता तेवढा चुकला.

समू मात्र तशीच. बसली की तोंड पांढरं. आई म्हणायची, घेऊन ये तिला घरी. मलाही तेच हवं होतं, दुसरं काहीच नको होतं. पण घर म्हणजे दिवसभराचा बसून प्रवास, वर घाटातली वळणं, आणि माझ्या पोरीला ताटावर जेवायलासुद्धा बसता येत नव्हतं. सोलापूर लांब आहे हे मला निघताना कळलं नव्हतं. ते तेव्हा कळलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता ठिगळ लावू. समूचंच थोडं रक्त घ्यायचं आणि सुईने पाठीत मणक्याजवळ सोडायचं. ते गोठतं आणि भोक बुजतं. मी अक्काला सांगितलं, तेव्हा तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "म्हंजे रफू. त्याच धाग्यानं केलेला रफू टिकतो." तिच्या घरात पिढ्यानपिढ्या माग होते. मला डॉक्टरचं पटलं होतं, पण धीर आला तो रफूने.

समूला आत नेलं. आम्ही बाहेर बाकड्यावर. थोड्या वेळाने बघते तर अक्का बाकड्यावर सरळ आडवी झालेली, पदर पायावर ओढून, नजर छताकडे. वॉचमन आला. "मावशी, उठा. हितं झोपायचं न्हाय."

"मी झोपले न्हाय," अक्का म्हणाली. "पोरगी आत आडवी हाय. मी बसू कशी?"

वॉचमनने माझ्याकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं. मग आपली खुर्ची उचलून तो दरवाजापाशी, आमच्याकडे पाठ करून बसला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हळूहळू उठवू. आधी उशीला टेकवलं. मग बसवलं. मग त्यांनी आणि अक्काने दंडाला धरून उभी केली. मी समूच्या तोंडाकडे बघत होते, कारण कळ आधी तिच्या ओठांवर दिसते. ओठ होते तसेच राहिले. तिने एक पाऊल टाकलं, मग आणखी एक. शेवटी अक्कानेच विचारलं, "प्रेशर?"

समूने जरा वेळ घेतला, पाण्याच्या दिवशी आम्ही बायका नळाला कान लावून घेतो तेवढा.

"आला," ती म्हणाली. आणि लगेच, "आता शाळेत जावं लागणार का?"

डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, पुन्हा झालं तर पुन्हा बघू. अजून झालेलं नाही. तरी रोज सकाळी ती अंथरुणातून उठते तेव्हा मी हातातलं काम सोडून तिचे ओठ बघते. ती वैतागते, ऊरुको म्हणते, आणि मला ते ऐकायला बरं वाटतं.

परवा ह्यांनी विचारलं, गावी परत जायचं का आता. समूला बसता येतं, रस्ता मोकळा आहे. पाटाचा आवाज मला अजून झोपेत ऐकू येतो आणि जाग आली की आधी मी नळ बघते. माझी पोर उठून बसेना तेव्हा जी माणसं तिच्याशेजारी आडवी झाली, ती इथे आहेत. त्यांना सोडून एसटीत चढणं माझ्याने होणार नाही. पण तुमच्या तोंडचं गाऱ्हाणंही मला सोडवत नाही, कितीही चुकीच्या नळावर पोचलं तरी.

अक्काला मी एकदा विचारलं होतं, तुझ्यासाठी काय करू. म्हणाली, "पाणी सुटल्यावर हाक मार, बास." जन्म गेला तिचा पाण्याच्या दिवसाची वाट बघण्यात. पाणी तिने वाया जाताना पाहिलंय, नुसतं वाहत राहताना पाहिलेलं नाही.

तेव्हा वाडीकरांनो, ऐकून ठेवा. येत्या दिवाळीनंतर, पाऊस सरून पाट निवळ वाहायला लागला की, मी तिला घेऊन येणार आहे. एसटीत ती कंटाळली तर मागच्या लांब सीटवर आडवी होईल, कंडक्टरशी मी बोलेन. तुम्ही तिला भांडं देऊ नका, ती भरायला लागेल. पाटाच्या कडेला चटई टाका. तिला त्यावर झोपवेन, शेजारी मी आडवी होईन, आणि मग तिला म्हणेन, अक्का, हे असंच चालू राहतं, कुणी चावी फिरवत नाही. काही भरू नकोस. नुसती पडून राहा.