मिस्तरीच्या तोंडाचा वास

आमच्या पाइपलाइनीवरच्या मिस्तरीइतका लोखंडाशी मायेनं बोलणारा माणूस मी उभ्या बुलढाणा जिल्ह्यात पाहिला नाही. महाराष्ट्र नवा होता, चिखलीकडच्या गावांना नळाचं पाणी द्यायचं काम निघालं होतं आणि मी खात्याचा कच्चा कारकून होतो. मिस्तरी ठेकेदाराचा माणूस. पाइपांच्या सांध्यात वितळलेलं शिसं ओतण्याआधी तो प्रत्येक पाइपाची माफी मागायचा, "बाई, जरासं भाजन, सोसून घे." मग पाइपाला कान लावून डॉक्टरसारखा गंभीर व्हायचा. शिशाच्या धुरानं त्याला खोकला जडला होता. त्यावर तो भर उन्हात, सर्वांदेखत वैद्याचं दशमूलारिष्ट घ्यायचा आणि पाहणीला आलेल्या इंजिनिअरलाही "घ्या ना साहेब घोटभर" असा आग्रह करायचा.

नशेत कामावर येणाऱ्याला काढावं, असा खात्याचा नियम होता आणि रोज सकाळी तोंडांचे वास घेणं माझ्याकडे होतं. मिस्तरी मुद्दाम रांगेत पहिला उभा राहून आ वासायचा. "माह्यं तोंड काऊन सोडता, बाबूसाहेब?"

"हा नियम सरकारी माणसांचा. तुम्हाला लागू नाही."

खोकल्यासाठी त्यानं रजा मागितली, सरकारी दवाखान्याची चिठ्ठी मागितली, तेव्हाही मी हेच ऐटीत ऐकवलं होतं.

एका दुपारी साखळीनं पाइप चरात सोडताना आमच्या ओव्हरसियरनी इशारा भलत्याच वेळी केला. पाइप घसरला, एका मजुराचं पाऊल चिरडलं. ओव्हरसियरच्या तोंडाला दारूचा भपकारा येत होता. मी शेजारीच उभा होतो. ते म्हणाले, "मिस्तरीचं तोंड हुंगा आणि लिहा." मला कायम करण्याच्या कागदावर त्यांचीच सही व्हायची होती. मी हुंगलं. अरिष्टाचाच वास होता. मी लिहिलं, मद्याचा.

"पण हा नियम आमाले लागू नोता ना?" मिस्तरीनं विचारलं.

कागदावरून डोळे न उचलता मी म्हणालो, "आहे."

तो खोकत खोकत हसला. "चाला, एक तरी लागू झाला!"

त्याच संध्याकाळी त्याला काढलं. मी कायम झालो.

पुढे कितीतरी वर्षांनी चिखलीच्या एसटी स्टँडवर त्यानंच मला हाक मारली. पार वाळला होता. सोबतच्या मुलीला म्हणाला, "पाया पड, हे बाबूसाहेब. लय भला माणूस." बोलण्यात थट्टेचा लवलेश नव्हता. मुलगी वाकली. पाय मागे घ्यावेत, खरं काय ते तिच्यासमोर सांगून टाकावं, असं फार वाटलं. गाडी लागली होती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि गाडीत चढून, ते दोघं दिसणार नाहीत अशा बाजूला बसलो.