काट्यावरचे शनिवार

दर शनिवारी दोन-दोन तास वसंतकाकांच्या गॅरेजमध्ये बसलं की किस्से साचतातच. मला नको असतात हो! मला झोप हवी असते. पण काकांचा फोन येतो, "अभय, येतोयस ना?" आणि मी मुकाट्याने चप्पल घालतो.

काका चौऱ्याहत्तर वर्षांचे. जन्मभर इथे अमेरिकेतच, ट्रॉयला गाड्यांच्या कारखान्यात क्वालिटीत, म्हणजे माल तपासणाऱ्या खात्यात होते. आता टेक्ससमध्ये अर्विंगला मुलीकडे, मीराकडे राहतात. मीरा रायफल शूटिंगच्या मॅचेस खेळते, काडतुसं घरीच भरते. त्यात बसवायची प्रत्येक गोळी सारख्या वजनाची हवी, नाहीतर नेम इकडेतिकडे होतो. एकेक गोळी तोलून वेगवेगळ्या डब्यांत टाकायचं खातं काकांचं!

*

काटा ग्रेनमध्ये, म्हणजे अर्ध्या गुंजेच्या मापात मोजतो; इतका नाजूक, की वाऱ्यानेही आकडा हलतो. म्हणून पंखा बंद, दार बंद. टेक्ससचा जुलै! बायको म्हणाली, "घरी एसी अठ्ठ्याहत्तर फॅरनहाइटवर ठेवला तर तुला उकडतं, आणि तिकडे सॉना घ्यायला जातोस!"

*

एकदा मला ॲलर्जीची शिंक आली. काका शांतपणे म्हणाले, "काटा शून्यावर आण." दुसरी आली. "परत आण." तिसरीला म्हणाले, "अभय, बाहेर जा आणि काय त्या एकदाच शिंकून ये!"

*

गणपतीत एका काकूंनी मीराला विचारलं, "बाबा रिटायर झाल्यावर काय करतात गं?"

अमेरिकेतच जन्मलेली मीरा मोदक खाता खाता म्हणाली, "बुलेट्सचं वजन करतात, फॉर मी."

काकू ताट घेऊन हळूच पलीकडच्या खोलीत गेल्या. काका वैतागले, "अगं, क्वालिटीत आहेत म्हणायचं!"

*

हसतो आम्ही, पण वाईट वाटतं. काकांचे डोळे चाललेत. ड्रायव्हिंग बंद झालं, पेपर बंद झाला. आता काट्यावरचा आकडाही दिसत नाही. हे एवढं एकच काम उरलंय, तेही गेलं तर दिवसभर करायचं काय, ही त्यांची धास्ती. म्हणून आकडा मी वाचायचा आणि गोळी ते डब्यात टाकणार. "डोळे तुझे, जबाबदारी माझी!" म्हणतात.

*

परवाचा शनिवार. ऐंशी गोळ्या उरलेल्या, आठवडाभराचं ऑफिस अंगात, शर्ट घामाने चिकटलेला. खरं सांगतो, मी काट्याकडे बघणंच सोडलं. "एकशेपंचाहत्तर पॉइंट दोन ग्रेन... पॉइंट दोन... पॉइंट तीन..." दिलं ठोकून!

काकांनी हात थांबवला. "ह्या सगळ्या परत घे. उद्या मीराची मॅच आहे."

मी गार! "काका, हाताला कळलं?"

"इतकं बारीक कुणाच्या हाताला कळतं रे? खरा आकडा सांगताना तू काटा स्थिर होईपर्यंत थांबतोस. थापा मात्र पटापट येतात. मागच्या दोन शनिवारीही मारल्यास."

"अहो, मग त्या गोळ्या?"

"प्रॅक्टिसच्या डब्यात टाकल्या."

"तेव्हाच बोलायचं ना!"

काका पुढची गोळी चाचपडत म्हणाले, "बोललो असतो, तर तू परत आला असतास?"