पावसात मागवलेला टँकर

टँकरवाल्याने मला दोनदा विचारलं. पहिल्यांदा त्याला वाटलं, फोन चुकून लागला. दुसऱ्यांदा तो जरा काळजीनेच बोलला, "मॅडम, पानी तो आसमान से गिर रहा है. फिर भी टँकर चाहिए?"

"चाहिए. अभी के अभी," मी म्हणाले आणि फोन ठेवला. बाहेर पाऊस कोसळत होता. संध्याकाळी चक्रीवादळ किनाऱ्याजवळून जाणार होतं. आणि माझ्या सोसायटीच्या गच्चीवरच्या तिन्ही टाक्या ठणठणीत कोरड्या होत्या. त्या मीच कोरड्या करून घेतल्या होत्या.

मी हाउसिंग सोसायटीची मॅनेजर. म्हणजे लिफ्ट अडकली, पाणी आलं नाही किंवा कुणाच्या बाल्कनीत कबुतराने अंडी घातली, की लोक जिला फोन करतात ती बाई. तेव्हा मीरा रोडला सिल्व्हर पार्कमधल्या एका सात मजली बिल्डिंगमध्ये नुकतीच लागले होते, तीही प्रोबेशनवर. सेक्रेटरी मेहताभाई, रिटायर्ड माणूस, सातव्या मजल्यावर राहायचे. पावसाळा नीट पार पडला तर नोकरी पक्की, नाही तर नमस्कार, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही लातूर सोडलं होतं, मुलीची ॲडमिशन इथे झाली होती, आणि मला ही नोकरी मनापासून हवी होती.

अडचण एवढीच, की वादळ म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. आमच्याकडे वळीव येतो. अर्धा तास धूळ, दोनचार पत्रे उडतात, मग छान गार वाटतं. त्यावर गावात एकच उपाय असतो, पत्र्यावर धोंडा ठेवायचा. इथल्या अलर्टमध्ये मात्र असले शब्द होते की माझी झोप उडाली. मग मी इंटरनेटवरून एक लिस्ट काढली. ती कुठल्या तरी परदेशातली होती. चौदा कलमं, सगळी ठळक अक्षरांत.

त्या लिस्टबरहुकूम मी कामाला लागले. खिडक्यांना प्लायवूड ठोका, असं त्यात होतं. तसा मेसेज मी ग्रुपवर टाकला. चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, प्लायवूड ठोकल्यावर कपडे कुठे वाळत घालायचे. वादळात सर्वांनी बेसमेंटमध्ये जमावं, हेही होतं. मी लिफ्टमध्ये नोटीस चिकटवली. आमच्या बिल्डिंगला बेसमेंट नाही. खांबांवर उभं पार्किंग आहे, तिथे साध्या पावसातही घोटाभर पाणी साचतं. दुपारपर्यंत त्या नोटिशीखाली कुणीतरी पेनाने लिहिलं होतं, "लाइफ जॅकेट सोसायटी देणार का?" मी नोटीस काढली, पण लिस्ट सोडली नाही. मानी स्वभाव, दुसरं काय.

आमचा प्लंबर बाळाराम काशीगावचा. खाडीच्या वाऱ्यात लहानाचा मोठा झालेला. खरं तर त्यालाच विचारायचं. पण तो लिस्ट बघून हसला होता, आणि मला हसलेलं खपत नाही. दोनदा तो काही सांगायला आला. दोन्ही वेळा मी "लिस्टमध्ये आहे" म्हणून त्याला वाटेला लावलं.

चौदावं कलम होतं, टाक्या स्वच्छ करून भरून ठेवा. गच्चीवरची सिमेंटची टाकी गळत असल्यामुळे तिच्या जागी प्लास्टिकच्या तीन मोठ्या काळ्या टाक्या नुसत्या उभ्या केल्या होत्या. वादळाच्या दिवशी सकाळी मी माणसं बोलावून त्या घासूनपुसून घेतल्या. खालची जमिनीतली टाकीही धुतली, कारण अर्धवट काम मला आवडत नाही. भरायचं काय, दुसऱ्या दिवशी नळाला पाणी येणारच होतं, तेव्हा भरू म्हटलं. मग स्वतः उभं राहून कंपाउंडमधल्या बाइकच्या शेडवर रेतीच्या गोण्या ठेवून घेतल्या. पत्रा हलता कामा नये. लिस्टवर शेवटची टिक केली आणि चहा मागवला.

चहा येण्याआधी बाळाराम आला. तो गच्चीवरून आला होता आणि या खेपेस हसत नव्हता.

"मॅडम, शेडवर गोनी कशाला ठेवली?"

"वजन नको का? उडेल की पत्रा."

"मंग टाकीचं वजन का काढलं? पानी हाय तवर टाकी हाय. पानी न्हाय तर नुसता डबा हाय तो."

जन्मभर पाणी साठवत आलेली लातूरची बाई मी. घरी तांब्याभर पाणीसुद्धा कधी ओतून दिलं नाही. आणि नेमक्या त्या दिवशी तीन टाक्या गटारात सोडून बसले होते. सात मजल्यांवरून ते डबे खाली कुणाच्या डोक्यात पडले असते तर नोकरीचं सोडाच, मला तोंड दाखवायला जागा उरली नसती.

म्हणून तो टँकर. घोडबंदरच्या बाजूने तो येईपर्यंत मी गेटवर छत्री धरून उभी होते. छत्री दोनदा उलटी झाली. टँकर आला, जमिनीतली टाकी भरायला लागली तसा बाळारामने पंप सुरू केला. आम्ही दोघं गच्चीवर गेलो. पहिली टाकी भरली. दुसरी भरली. आणि तिसरीत पहिली धार पडते न पडते, तोच लाइट गेली. बाळारामने तिसरीला दोर बांधला आणि मला हाताला धरून खाली आणलं. पुढे दोर तुटला. गच्चीचा कठडा उंच होता म्हणून टाकी खाली आली नाही, पण वारा पडेपर्यंत ती वर गडगडत राहिली. मी ऑफिसात बसून प्रत्येक आवाज मोजला.

लाइट दीड दिवसाने आली. तोवर आसपासच्या बिल्डिंगी पाण्यावाचून बसल्या, कारण पंप चालत नव्हते. आमच्याकडे मात्र दोन टाक्या काठोकाठ होत्या आणि नळ सुरू होते. मीटिंगमध्ये माझं कौतुक झालं. भर पावसात टँकर मागवायला दूरदृष्टी लागते, असं चौथ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या. गप्प बसावं, असं मला फार वाटलं. पण बाळाराम दाराशी उभा होता.

"टाक्या मीच रिकाम्या केल्या होत्या," मी उठून सांगितलं. "बाळारामने सांगितलं म्हणून टँकर आला. दूरदृष्टी त्याची आहे."

मेहताभाईंनी चष्मा काढून पुसला.

"मालूम है, बेन," ते म्हणाले. "तीसरी टंकी पूरी शाम मेरे सर पे गरबा खेल रही थी."

मी मान खाली घातली.

"नौकरी पक्की है," ते पुढे म्हणाले. "लेकिन अब से लिस्ट पहले बाळाराम पढ़ेगा."

तेव्हापासून दर मे महिन्यात लिस्ट आधी त्याच्याकडे जाते. पहिल्याच वर्षी त्याने चौदातली बारा कलमं खोडली. बेसमेंट त्यात पहिलं होतं. उरलेल्या दोनांतलं एक टाक्यांचं. त्यातल्या 'भरून ठेवा' या दोन शब्दांखाली त्याने रेघ मारून दिली आहे.