‘का?’ विचारलं की पुसणारी मुलं

दहावीच्या गणितात नापास झालेल्या अकरा मुलांना मी शनिवारी दुपारी शहाडच्या आमच्या शाळेत शिकवत होते. फेरपरीक्षेला सहा आठवडे उरले होते आणि त्यांतलं एकही मूल पास होईल असं मला वाटत नव्हतं. सूत्रं घोकून घेऊन झाली होती, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून झाल्या होत्या. एका शनिवारी आलेलं पुढच्या शनिवारपर्यंत टिकत नव्हतं. गणितात वादविवाद घ्यायचं मी ठरवलं ते शिक्षणशास्त्राचा विचार करून नव्हे. करण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं.

पद्धत साधी. फळ्यावर एक विधान लिहायचं. पटलं तर खिडकीकडे बसायचं, नाही पटलं तर भिंतीकडे. मग भांडायचं. बाजू बदलायला हरकत नाही, पण कारण सांगून.

पहिल्या दिवशी लिहिलं : ‘ऋण संख्येचा वर्ग ऋण असतो.’ दोघीच भिंतीकडे, म्हणजे बरोबर बाजूला, बसल्या. मी एकीला विचारलं, “का?” ती दप्तर उचलून खिडकीकडे निघाली.

“अगं, उठलीस कशाला?”

“तुम्ही ‘का’ विचारलंत ना, बाई.”

“मग?”

“म्हणजे चुकलंच असणार. बरोबर असलं की तुम्ही ‘हं, पुढे’ म्हणता.”

बावीस वर्षं शिकवतेय. बरोबर उत्तराला मी कधी ‘का’ विचारलं होतं, आठवेना.

ही मुलगी वर्गात सगळ्यात मोठी, तीनदा नापास झालेली. तिला आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा कोर्स करायचा होता. घरातलं बिघडलेलं बटण, पंखा तीच दुरुस्त करायची. वडील वागळे इस्टेटमध्ये प्रेस मशीनवर कामाला. त्यांनी मला फाटकाशी गाठून सांगितलं होतं, “बाई, ही शेवटची परीक्षा. नाही सुटली तर कोलशेतला कंपनीत पॅकिंगला लावतो. बोलून ठेवलंय.” रागाने नाही, थकून बोलले.

चौथ्या शनिवारी संभाव्यता काढली. विधान : ‘नाणं पाच वेळा उडवलं, पाचही वेळा छापा आला. आता काटा येण्याची शक्यता जास्त.’ ती खिडकीकडे बसली, आणि पहिल्यांदाच मोठ्याने बोलायला लागली.

“किती वेळा एकच पडेल? कधीतरी वळायलाच पाहिजे.”

“वळायला ते काय रिक्षा आहे?” भिंतीकडून एक जण म्हणाला.

“तू गप रे. तुझी बाजू तरी सांग.”

“सांगतो ना. नाण्याला मेंदू असतो काय, ताई? आधी काय पडलं ते त्याला कुठे लक्षात राहतंय?”

“लक्षात नको राहू दे. पण नियम म्हणून काही असेल की नाही!”

ती इतकी जोरात भांडली, की भिंतीकडचे तिघे उठून तिच्याकडे आले. वर्ग पहिल्यांदा जागा झाला होता, तोही चुकीच्या बाजूने. मग ती माझ्याकडे वळली.

“बाई, मी तीनदा नापास झाले. मग या वेळी माझी शक्यता जास्त ना?”

कोणी हसलं नाही. हो म्हणावंसं मला फार वाटलं. पण हो म्हटलं असतं तर उरलेल्या दहा जणांना चुकीचं गणित शिकवलं असतं.

“नाणं विसरतं,” मी म्हटलं. “सहाव्या वेळीही अर्धी-अर्धीच शक्यता.”

“आणि मी?”

“तू नाणं नाहीस. तुझे तीन पेपर तुला आठवतात.”

“आठवतात ना. म्हणूनच लिहिलेलं खोडावंसं वाटतं.”

तिने दप्तर उचललं आणि भिंतीकडे जाऊन बसली. वाद मी जिंकले होते. तिच्याकडे तेवढाच एक आधार होता, तो मी भर वर्गात काढून घेतला. पुढच्या दोन शनिवारी मी तिच्याकडून जमतील तितकी गणितं करून घेतली. प्रत्येक बरोबर उत्तराला मुद्दाम ‘का?’ विचारलं. ती प्रत्येक वेळी खोडरबर उचलायची. मी तिचा हात धरायची. दोन शनिवारांत किती होणार?

ती चार गुणांनी नापास झाली.

मंडळाकडून उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली. नाण्याच्या प्रश्नाला पूर्ण गुण होते. पुढे दोन गणितं शेवटच्या ओळीपर्यंत बरोबर सोडवलेली, आणि त्यांच्यावर पेनाने आडवी काट. खाली घाईघाईने दुसरंच काहीतरी लिहिलेलं, तेही अर्धवट. पेपर लिहिताना तिच्या कानात माझाच आवाज असणार. तिला वर्गात बोलावून ते पान दाखवलं.

“हे का खोडलंस?” माझ्या तोंडून निघून गेलंच.

तिने पान जवळ ओढलं. “बरोबर होतं?”

“हो.”

“मग ‘का’ कशाला विचारताय, बाई?”

मी झेरॉक्सची घडी घातली. पॅकिंगचं काम सोमवारपासून होतं. दाराशी जाऊन ती थांबली. “शनिवारी अडीचला सुटते मी. कोलशेतहून यायला वेळ लागेल.”

मी फळ्यावरची वर्गाची वेळ पुसून साडेचार लिहिली.