गिरणीवाले नाना आणि चौकातले दोन बॅनर

नाना गेले आणि दशक्रियेच्या आतच त्यांच्या फोटोवरून पोरं एकमेकांच्या अंगावर जायला निघाली.

हसावं की रडावं मला कळेना. नाना असते तर हसले असते. पोट हलवत, चष्मा कपाळावर सारून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. अमळनेरला आमच्या शाळेसमोरच्या चौकात नानांची पिठाची गिरणी. एका अंगाला टेकडी, दुसऱ्या अंगाला नदीकाठची वस्ती. दोन्हीकडच्या पोरांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. दळण मात्र दोन्हीकडचं नानांकडेच.

मी त्याच शाळेत शिकवायचे. आता रिटायर्ड. पोरं अजून बाईच म्हणतात.

काही वर्षांपूर्वी चौकात कोणाचा तरी वाढदिवसाचा बॅनर फाटला. कोणी फाडला, ते आजवर कळलेलं नाही.

पण दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मारामारी झाली आणि नदीकाठच्या इरफानचा डोळा गेला. हातातलं कडं लागलं. मारणारा टेकडीवरचा भूषण. दोघं एकाच वर्गातले.

थोड्याच दिवसांनी दोघांच्या आया गिरणीवर. भूषणची आई रेखाअक्का, इरफानची आई शबानाभाभी. एकाच रांगेत, डबे घेऊन, एकमेकींकडे पाठ करून.

नानांनी मोटर बंद केली. दोघी एकमेकींशी बोलल्याशिवाय दळणारच नाही म्हणाले.

"आगोदर बोला. मंग दयसू."

रांग रस्त्यापर्यंत गेली. बाया कुरकुरल्या. एक म्हणाली, "नाना, मनी भाकर बाकी शे!"

नाना ढिम्म.

शेवटी रेखाअक्का बोलली. काय बोलली ते मी लिहिणार नाही, ते त्या दोघींचं आहे. इतकंच सांगते, रांगेतल्या सगळ्या बाया रडल्या. नानांनी पिठाच्या हातांनी डोळे पुसले आणि तोंड पांढरं करून घेतलं.

तिथून आमच्या खुर्च्या सुरू झाल्या.

शाळा सुटायच्या वेळी नाना, रेखाअक्का, शबानाभाभी आणि मी चौकात खुर्च्या टाकून बसायचो.

भाषण नाही. शिट्टी नाही. नुसतं बसायचं.

आईच्या मैत्रिणीसमोर पोरगं शिवी देत नाही. आमचा सगळा सिद्धांत एवढाच!

बाकीचं काम गिरणीवर व्हायचं. कोणी कोणाविरुद्ध स्टेटस ठेवलं, कोणाच्या दप्तरात काय सापडलं, आया दळणाबरोबर सगळं नानांच्या कानावर घालायच्या. मग नाना त्या पोराला बोलवायचे.

"भरतीमां जानं शे ना तुले? केस व्हयनी ते भरती गयी."

पोलीस भरतीसाठी पहाटे धावणारी पोरं ती. एवढं वाक्य पुरायचं.

आणि एक नियम. चौकात पोरांच्या फोटोंचा बॅनर लागणार नाही. दोन्ही वस्त्यांनी मिळून ठरवला, पाळलाही.

लोक आम्हाला खुर्ची मंडळ म्हणायचे. म्हणू देत. भूषण आज नरडाण्याला कंपनीत आहे, इरफानचं मोबाईलचं दुकान आहे, आणि दोघं एकमेकांच्या घरी जेवतात.

खरं सांगू? मी पोरांसाठी बसायचे हे अर्धंच खरं.

माझी लेक पुण्याला. हे गेल्यापासून घरात बोलायला कोणी नाही. नानी जाऊन नानांनाही बरीच वर्षं झालेली. दोन एकटी माणसं शेजारी बसून भुईमुगाच्या शेंगा खायची. त्याला समाजकार्य म्हणतात, हे आम्हाला पेपरात आलं तेव्हा कळलं.

मग नाना गेले. अटॅक. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही.

दुसऱ्याच दिवशी टेकडीवाल्यांनी चौकात बॅनर लावला. "आमचे नाना." खाली पोरांचे गॉगल लावलेले फोटो.

संध्याकाळी नदीकाठच्यांनी त्याहून मोठा लावला. "आमचेच नाना."

नियम दोघांनी मोडला, आणि तोही प्रेमापोटी. काय बोलणार?

मग एक बॅनर फाटला. माझ्या मते वाऱ्याने. पण वाऱ्याचं नाव घेऊन कोणाचं समाधान होतं का?

त्याच दुपारी चौकातून फोन आला. "बाई, पोरं जमी राह्यनात. हातमां काठ्या शेत."

रेखाअक्का सुरतला धाकट्या मुलाकडे. शबानाभाभी लेकीच्या बाळंतपणासाठी धुळ्याला. गिरणीचं शटर खाली.

मी घरातली खुर्ची उचलली आणि गेले.

दोन्ही टोळक्यांच्या मधोमध टाकली आणि बसले. आता काहीतरी बोलायला हवं होतं, पण बोलायचे ते नेहमी नाना. मी शेजारी बसून मान हलवणारी.

मला रडूच फुटलं. भर चौकात, माझ्याच विद्यार्थ्यांसमोर, पदर तोंडाला लावून.

मग काठीवाला एक जण जवळ आला, पार गोंधळलेला.

"बाई, रडू नका ना. तुम्हले कोनी काय बोलनं का?"

"नाना गेले रे," मी म्हटलं. "मी एकटी कशी बसू इथे?"

त्याने काठी खाली ठेवली.

मग तो खांबावर चढला आणि आपल्या बाजूचा बॅनर सोडवला. तो उतरेपर्यंत समोरचा एक जण दुसऱ्या खांबावर चढला होता. फाटका बॅनर दोन्हीकडच्यांनी मिळून घडी केला, नानांच्या चेहऱ्यावर घडी पडू न देता.

मग सगळे पांगले. मी खुर्ची घेऊन घरी आले. झालेलं सांगायला घरात कोणी नव्हतं.

आज नानांचा तेरावा. शाळा सुटायच्या वेळी मी पुन्हा चौकात जाऊन बसले. येणारे-जाणारे नमस्कार करत होते. "बाई, बरं करताय," म्हणत होते. शेजारी बसलं कोणीच नाही.

हे वाचून कोणाला यावंसं वाटलं तर उद्या या. खुर्ची घरून आणा.

नाना, सुखाने जा आता. तुम्हाला मनापासून निरोप.

आज मी एकटीच होते. पोरं सगळी घरी पोचली.